रंगभूमीची कीर्दखतावणी

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण बहुधा नटांच्या कंठावरून आणि नाटककारांच्या लेखणीवरून सांगतो. विष्णुदास भावे, अण्णासाहेब किर्लोस्कर, भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ ही नामावळी आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. परंतु प्रयोग संपल्यावर दिव्याशी बसून जो गृहस्थ तिकिटांच्या उत्पन्नाची मोजदाद करी, नाट्यगृहाचे भाडे, रेल्वेचे भाडे, बिऱ्हाडाचा खर्च आणि नटांचे पगार यांची तोंडमिळवणी करी, त्याचे नाव क्वचितच कोणास ठाऊक असते. आमचा व्यवसाय वकिलीचा; माणसांच्या गुणांपेक्षा त्यांचे करारमदार व वह्या तपासण्याची आम्हांस सवय. त्या सवयीने पाहता असे दिसते की, मराठी नाटक कसे जगले या प्रश्नाचे निम्मे उत्तर मंडळ्यांच्या कीर्दखतावणीत आहे.

ही दृष्टी पाश्चात्त्य देशांत आता शास्त्र म्हणून मान्य झाली आहे. बाउमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कारखान्यात यंत्रे सुधारली की थोड्या माणसांकडून अधिक माल निघतो, पण जे नाटक उभे करण्यास पूर्वी दहा नट आणि तीन तास लागत, त्यास आजही दहा नट आणि तीन तासच लागतात. मजुरी मात्र इतर धंद्यांबरोबर वाढतच जाते. म्हणून नाटकाचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावतो, आणि हा दोष कोणा एका व्यवस्थापकाच्या उधळेपणाचा नसून धंद्याच्या प्रकृतीचा आहे. येल, कोलंबिया यांसारख्या विद्यापीठांत नाट्यव्यवस्थापन हा आज पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे. आमच्याकडेही नाट्यशिक्षण आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून चालू आहे. पुणे व मुंबई विद्यापीठांतही नाट्यविभाग आहेत. पण तेथील भर प्रामुख्याने अभिनय, दिग्दर्शन व रंगरचना यांवर असतो. पेटीवरच्या माणसाचे शिक्षण पेटीवरच व्हावे, अशी आपली जुनी समजूत आहे. त्या समजुतीची किंमत किती पडली, हे इतिहासच सांगतो.

भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ उभे केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि आश्रय आटला. भाव्यांस मंडळी घेऊन गावोगाव फिरणे प्राप्त झाले, आणि १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटकाच्या व्यवस्थापनाचा आरंभ आम्ही येथून धरतो. राजाची बिदागी घेणारास राजाची मर्जी सांभाळली की पुरे. तिकीट विकणारास अनोळखी माणसाचा विश्वास मिळवावा लागतो, आणि तोही दररोज नव्याने.

१८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ लागले आणि संगीत नाटकमंडळ्यांचा जमाना आला. कायद्याच्या भाषेत या मंडळ्या बहुधा भागीदाऱ्या होत्या. भागीदारीचा स्वतंत्र कायदा झाला तो १९३२ साली. तोपर्यंत १८७२ च्या करार कायद्यातील कलमांवर काम भागत असे. पुढे तर आणखी एक अडचण होती. स्त्रीभूमिका करणारी मुले लहान असत, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली दिला होता. म्हणजे ज्या कोवळ्या गळ्यावर मंडळीचे उत्पन्न उभे, त्याच्या शब्दाने तो गळा मंडळीशी बांधता येत नव्हता. सारा व्यवहार विश्वासावर. आणि विश्वास तुटला की मंडळी फुटे. किर्लोस्कर मंडळीचा कारभार शंकरराव मुजुमदारांसारख्या जाणत्या गृहस्थाकडे होता. तरीही १९१३ साली मतभेद होऊन बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे बोडस व टेंबे हेही तीतून निघाले. उंची वस्त्रे, तबल्यास थिरकवाँ, सारंगीस कादरबक्ष, असे वैभव त्या रंगभूमीने पाहिले. आणि त्याच वैभवाखाली कर्जही साचत गेले. ते फेडण्यात मंडळीची वर्षे गेली. बालगंधर्वांच्या सुरास तोड नव्हती. पण सूर जमेच्या बाजूस कितीही मोठा असला तरी खर्चाची बाजू त्याने आपोआप मिटत नाही.

दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी एकत्र येऊन काय साधते, हेही याच काळाने दाखविले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व मंडळी व ललितकलादर्श एका रंगमंचावर आल्या आणि पुढच्या खुर्चीस शंभर रुपये देणारे रसिक निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव भोसले वारले.

आता इंदूरकडे वळू. मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना रस्ता या शहरात पलासियाच्या चौकातून जातो. नाटकमंडळ्यांचे सामान मात्र फार पूर्वीपासून रेल्वेने येई. खांडव्याहून इंदूरास येणाऱ्या त्या रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी सरकारास एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने कर्जाऊ दिले होते. रेल्वेस राजाने जे दिले ते दस्तऐवज करून. कलावंतास जे दिले ते खुशीने. दस्तऐवजाची रेल्वे उभी राहिली, आणि खुशी गादीबरोबर बदलली. तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६ साली गादी सोडली. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा ज्या शहराने मराठी साहित्य संमेलन भरविले, त्या शहरातील मराठी नाटकाच्या प्रेक्षकासही सांगलीच्या १८५१ सालचाच प्रश्न पडला : आता पुढे कोण?

मंगेशीच्या देवळाच्या छायेत जन्मलेल्या दीनानाथांचे नाव या शहराशी एका विशेष कारणाने जोडलेले आहे : १९२९ साली लता मंगेशकरांचा जन्म इंदुरातच झाला. दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली होती. बोलपट आल्यावर मंडळी चित्रपटाच्या धंद्यात उतरली आणि तेथे खोट बसली. १९४२ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, दीनानाथ गेले. घरातील थोरल्या मुलीस तेराव्या वर्षाच्या आतच घराचा भार उचलावा लागला, ही गोष्ट आपण तिच्या थोरवीचा आरंभ म्हणून सांगतो. एका उत्तम नटाच्या मंडळीस टिकाऊ व्यवस्था नव्हती, हा तिचा दुसरा अर्थ आपण सांगत नाही.

मंडळ्यांमागून ‘नाइटीं’ची पद्धत आली. नटास पगार नाही, प्रयोगागणिक पैसे. आणि परगावी कंत्राटदार ठरावीक रकमेस प्रयोग विकत घेणार. यात निर्मात्याची जोखीम उतरली, पण ती कंत्राटदाराच्या शिरी बसली; आणि जोखीम ज्याच्या शिरी, तो हमखास गर्दी खेचणारेच नाटक मागणार. या पेचातून एक वेगळी वाट आपल्याच समाजाने दाखविली. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनच्या कला विभागाने १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले. नाटके व्यावसायिक, तिकीटही व्यावसायिक. पण मालक कोणी एक नव्हे, तर संस्था. कला विभागाचे धुरीण रामकृष्ण नायक पुढे बांदिवड्याच्या ‘स्नेहमंदिर’ वृद्धाश्रमाच्या कामात रमले. रंगभूमीवरील निराधार वृद्धाची व्यथा पाहणारांस हा योग मनोज्ञ वाटावा.

वाचकांस ही पद्धत परकी नाही. गोव्यातील देवस्थानांत महाजनांची सभा समिती निवडते, उत्सवाची पावणी होते, जमाखर्च मांडला जातो; आणि त्याच मंडपात गावकरी रात्री नाटकास उभे राहतात. देव सर्वांचा, म्हणून हिशेब सर्वांपुढे, ही त्यामागील जाणीव.

इंदुरात हीच जाणीव ‘सानंद न्यासा’च्या रूपाने दिसते. मुंबई-पुण्याचे नाटक येथे येते ते खिडकीवरच्या आशेवर नव्हे. प्रेक्षक आधीच सभासद झालेला असतो, आणि सभासदांचे पाच समूह केलेले आहेत. रामूभय्या दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशा स्थानिक रसिकांची नावे त्यांतील काहींस आहेत. खंडवा रस्त्यावरील देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या सभागृहात शनिवार-रविवार मिळून पाच समूहांसाठी पाच प्रयोग होतात. यातील हिशेब पाहण्याजोगा आहे. नटसंचाचा प्रवास एकदा, नेपथ्याची उभारणी एकदा, आणि प्रयोग मात्र पाच. म्हणजे शेकडो मैलांच्या वाटखर्चाचा पाचवा हिस्साच एका प्रयोगाच्या वाट्यास येतो. बाउमोल-बोवेन यांनी सांगितलेली व्याधी याने समूळ जात नाही. पण तिला पथ्य सापडते. शिवाय प्रेक्षकाने पैसे आगाऊ दिलेले असल्यामुळे एखादे अनोळखी वा अवघड नाटकही आणण्याचे धैर्य व्यवस्थापकास होऊ शकते.

परंतु या व्यवस्थेचे भांडवल एकच आहे : मराठी समजणारा सभासद. पलासियात काय किंवा जुन्या इंदुरातील वाड्यांत काय, मराठी घरांतील पुढची पिढी हिंदी-इंग्रजीत शिकते. तिच्यातील पुष्कळ मुले पुण्या-बंगळुरास किंवा परदेशी जातात. आजोबांच्या खुर्चीवर नातू बसला नाही, तर पाचाचे चार समूह होतील, चाराचे तीन. आणि एका वेळेपासून वाटखर्चाचे गणित बसेनासे होईल. ते दिवस ओळखणे, तरुणांस वेळीच बोलावणे, हिंदी प्रेक्षकास शेजारी बसविणे, हे काम हौसेने थोडा काळ होते. दीर्घकाळ होण्यास शिकलेली माणसे लागतात.

म्हणून आमची सूचना अशी की, या अभ्यासाचा पदव्युत्तर पाठ इंदुरातच सुरू व्हावा. व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण या शहरास नवे नाही. भारतीय प्रबंध संस्था येथे १९९६ पासून आहे, आणि नाटकाचे पाच प्रयोग तर विश्वविद्यालयाच्या स्वतःच्याच छताखाली होतात. विद्यार्थ्यास करार, न्यास व भागीदारी यांचा कायदा शिकवावा. १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि त्यात १९९४ साली आलेले कलावंतांचे हक्क शिकवावे. जमाखर्च, सभागृहाची सुरक्षितता व सभासदनोंदणी शिकवावी. आणि एक वर्ष त्यास खऱ्या संस्थेच्या पेटीवर बसवावे. कोणी म्हणेल, व्यवस्थापक जन्मावा लागतो. गवईही जन्मावा लागतो, तरी त्यास आपण गुरूकडे पाठवितोच. ज्या संस्थांनी हे काम हौसेने उभे केले, त्यांच्या वह्या अजून शाबूत आहेत आणि त्या लिहिणारे हातही आहेत, तोवर हा पहिला वर्ग भरावा.