रेंडझिना: नांगराच्या आवाजावरून पडलेलं नाव

चुनखडकाच्या कोरड्या डोंगरउतारावर माती वीतभरच असते. वर काळपट, ह्युमसयुक्त, दगडगोट्यांनी भरलेला थर आणि लगेच खाली खडक. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. पाणी खडकाच्या भेगांतून निघून जातं, म्हणून पाऊस पडूनही उतार लवकर सुकतो. हीच रेंडझिना.

हे नाव मूळचं पोलिश शेतकऱ्यांचं. नांगराचा फाळ दगडांवर घासला की होणाऱ्या आवाजावरून ते पडलं, असं सांगतात. 19व्या शतकाच्या शेवटी डोकुचाएव यांचे शिष्य निकोलाय सिबिर्त्सेव्ह यांनी ते शास्त्रीय वर्गीकरणात आणलं. ते शिकवत होते नोवो-अलेक्सांद्रियात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या पुलावीत.

1974 च्या एफएओ-युनेस्को नकाशात रेंडझिना हा स्वतंत्र गट होता. 1988 च्या सुधारित यादीत मात्र ती 'रेंडझिक लेप्टोसोल' झाली. अमेरिकन पद्धतीत तिला जवळचा गट 'रेंडॉल'.

हा बदल फक्त नावाचा नाही. आधी ओळख चुनखडकावरून होती. आता आधी उथळपणा बघतात, चुना नंतर. त्यामुळे जुन्या नकाशातली प्रत्येक रेंडझिना आज लेप्टोसोल ठरेलच असं नाही.

म्हणून संदर्भ शोधताना तिन्ही नावं टाका. आणि जुने आकडे नव्या तक्त्यात भरण्याआधी, त्या वर्षी त्या नावाची व्याख्या काय होती ते नक्की बघा.