सावड आणि सेवा: शिरूरची गावकी, युनिटेरियन मंडळी आणि प्रार्थनासमाज

मराठीतील ‘मंडळी’ हा शब्द दिसायला साधा असला तरी आपले कोण आणि परके कोण याचा हिशेब त्यात दडलेला असतो. घरची मंडळी, वऱ्हाडी मंडळी, भजनी मंडळी असे तो सहज वापरला जातो, जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचाही उल्लेख याच शब्दाने करी, आणि मराठी ख्रिस्ती समाजाने उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या श्रद्धावंतांच्या समुदायाला हेच नाव दिले. मुंबईत १८४९ च्या सुमारास जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त संस्थेचे नाव परमहंस मंडळी होते, तर १९०६ मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेने ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ असे नाव घेतले. यांपैकी शेवटच्या मंडळीच्या घडणीत इंग्लंड-अमेरिकेतील युनिटेरियन पंथाचा लक्षणीय वाटा होता. ख्रिस्ती धर्मातील पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य नाकारून ईश्वर एकच आहे असे मानणारा हा पंथ असून, मतापेक्षा आचरणावर त्याचा भर राहिला आहे. या पंथातील सामूहिक जीवनाची आणि स्वेच्छेने केलेल्या सेवेची रीत महाराष्ट्रात कशी आली आणि येथील गावकीच्या रीतीहून ती कोठे वेगळी ठरली, हे समजण्यासाठी प्रथम गावकीकडेच पाहावे लागते.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव आपल्या नावातच ग्रामदेवतेला बाळगून आहे. खेड तालुक्यातील कनेरसर आणि साताऱ्याकडील औंध येथेही येमाईची ठाणी आहेत; कवठ्याने मात्र देवीला थेट गावाच्या नावातच स्थान दिले. या कोरडवाहू पट्ट्यातील गावांत परस्परसाहाय्याच्या दोन जुन्या पद्धती होत्या. ‘सावड’ म्हणजे श्रमांची किंवा बैलांची फेड: आज एकाच्या शेतात चौघांनी राबायचे आणि उद्या त्याने त्या चौघांकडे जायचे. ‘इर्जिक’ म्हणजे एखाद्याचे अडलेले काम उरकण्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी औते घेऊन एकाच दिवशी जमणे आणि यजमानाने त्यांना जेवण घालणे. देवीच्या यात्रेची वर्गणी, सप्ताहाची पंगत, देवळाच्या डागडुजीसाठी दिलेले अंगमेहनतीचे दिवस ही त्याच वृत्तीची धार्मिक रूपे होत. येथे कोणी कोणावर उपकार करीत नसे; जो आज देतो तो उद्या घेतो, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नसे.

या एकजुटीला धारही होती. १८७४ च्या अखेरीस याच शिरूर तालुक्यातील करडे या गावी शेतकऱ्यांनी सावकाराशी व्यवहार तोडण्याचा निर्णय घेतला, बलुतेदारांनीही त्याची कामे बंद केली, आणि हे लोण पसरत १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे दंग्याच्या रूपाने फुटले. शिरूर आणि भीमथडी, म्हणजे आजच्या दौंड-बारामतीचा मुलूख, या तालुक्यांत कर्जरोखे हिसकावून जाळले गेले. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखले जातात. सावकाराला एकाकी पाडणारे बहिष्काराचे हत्यार गावकीला त्या वर्षी नव्याने सुचलेले नव्हते. गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या महार-मांगांवर तेच हत्यार पिढ्यान्‌पिढ्या चाललेले होते. वेसकरकी, सांगावे पोहोचविणे, मेलेली गुरे ओढणे ही त्यांची कामे गावाला हवी होती, परंतु पंगतीत आणि पाणवठ्यावर त्यांना जागा नव्हती. सावडीचे वर्तुळ जेथे संपत होते तेथे गावाची मंडळीही संपत होती.

शिरूर गावात, ज्याला घोडनदी असेही म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकातच ठाणे उभारले होते, तेव्हा या परिसराला ख्रिस्ती ‘मंडळी’ अनोळखी नव्हती. मात्र हे मिशनरी युनिटेरियन नव्हते, उलट त्यांचे प्रतिस्पर्धी होते. ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठविले त्याची स्थापना १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सनातनी मताच्या पाळकांनी केली, आणि त्यांच्याच प्रांतातील हार्वर्ड विद्यापीठ तोपर्यंत युनिटेरियन विचारांकडे झुकलेले होते. बॉस्टनच्या त्या वादातील एक बाजू मिशनच्या मार्गाने घोडनदीच्या काठी आली. दुसरी बाजू महाराष्ट्रात यायला आणखी पन्नासएक वर्षे लागली, आणि ती आली बंगालमार्गे.

युनिटेरियन मंडळीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्लंड-अमेरिकेत तिच्यावर बिशपची सत्ता नसते. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला उपदेशक स्वतः निवडते, सभासदांच्या वर्गणीवर चालते आणि उपासनागृहाचा कारभार सभासदांच्या समित्यांकडे असतो. रविवारची मुलांची शाळा, स्त्रियांचे शिवणमंडळ, आजाऱ्यांची विचारपूस ही कामे पगारी माणसांपेक्षा सभासदच वाटून घेतात. जोसेफ टकरमन या उपदेशकाने १८२६ मध्ये बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील घरोघरी जाण्याचे काम हाती घेतले, आणि त्या धर्तीवर पुढील दशकात लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर येथे ‘डोमेस्टिक मिशन’ नावाच्या संस्था निघाल्या. धर्मांतर हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. गिरणी कामगाराच्या घरी जाऊन त्याच्या मुलांना शिकविणे, बचतीची सवय लावणे आणि आजारात मदत करणे हे त्यांचे काम होते. सिनसिनाटी येथील सॅली एलिस या बाईंनी १८८१ मध्ये टपालाने धर्मविषयक पुस्तिका पाठविण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा घरात बसूनही करता येईल अशी सेवा निर्माण झाली. खासी टेकड्यांत हाजोम किसोर सिंग यांनी १८८७ मध्ये जी युनिटेरियन मंडळी स्थापन केली तिलाही कलकत्त्यातील युनिटेरियन पाद्री चार्ल्स डॉल यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचा आधार मिळाला होता.

भारताशी या पंथाचा संबंध त्याही आधीचा आहे. राजा राममोहन रॉय यांनी १८२१ मध्ये विल्यम ॲडम यांच्यासह कलकत्त्यात युनिटेरियन समिती काढली, आणि १८३३ मध्ये ब्रिस्टल येथे त्यांचा अंत झाला तो युनिटेरियन स्नेह्यांच्याच सहवासात. तेथील पाळक लँट कार्पेंटर यांची कन्या मेरी कार्पेंटर १८६६ पासून चार वेळा भारतात आली आणि स्त्रीशिक्षणासाठी झटली. १८६४ मध्ये बंगालच्या ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन मुंबईत येऊन गेल्यानंतर तीन वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाजाची स्थापना झाली. १८७० मध्ये पुण्यात शाखा निघाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे समाजाचे आधारस्तंभ ठरले. १८७३ मध्ये ‘सुबोधपत्रिका’ हे मुखपत्र सुरू झाले आणि पुढील वर्षी गिरगावात मंदिर उभे राहिले. उपासनेत प्रार्थना आणि उपदेश यांच्या जोडीला तुकाराम-नामदेवांचे अभंग असत. म्हणजे बैठकीची मांडणी काहीशी पाश्चात्त्य असली तरी तिचा कंठ वारकऱ्याचा होता.

सेवेच्या बाबतीत समाजाची पहिली पावले चाचपडत पडली. गिरणगावातील कष्टकऱ्यांसाठी १८७६ च्या सुमारास रात्रशाळा निघाल्या, आणि नोकरीधंदा सांभाळून सभासदांनी संध्याकाळचे तास त्यांना दिले. याहून मोलाचे काम पंढरपुरात झाले. तेथे लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधिकाऱ्याने १८७५ मध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या उच्चवर्णीय विधवा वारीच्या गर्दीत येऊन प्रसूत होत आणि मूल तेथेच सोडून जात, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. लगोलग आलेल्या १८७६-७८ च्या दुष्काळाने अनाथांची भर घातली. या गृहाचा भार प्रार्थनासमाजाने उचलला, आणि समाजाचे एक संस्थापक सदस्य वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ते पुढे ओळखले जाऊ लागले. येथे सावडीचा नियम लागू पडत नव्हता, कारण ज्या मुलाला आईचे नाव सांगता येत नाही ते कोणाची फेड करणार? परतफेडीची आशा नसलेली सेवा मराठी मध्यमवर्गाने सामूहिकरीत्या, हिशेब आणि अहवाल ठेवून अंगावर घेतली ती येथे. हे जेवढे मोठे, तेवढेच हेही खरे की समाज जातीच्या प्रश्नावर जपून पावले टाकत होता. परमहंस मंडळी उघडकीस आल्यावर झालेल्या पळापळीची आठवण त्याच्या धुरीणांना पुरेशी होती.

१८९५ च्या डिसेंबरात पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा अमेरिकन युनिटेरियन उपदेशक जे. टी. संडरलंड तेथे उपस्थित होते. त्यांच्या भारतयात्रेतून जी योजना निघाली तिच्यानुसार ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजाच्या तरुणांना शिष्यवृत्ती देण्याचे ठरले, आणि १९०१ मध्ये ती मिळवून विठ्ठल रामजी शिंदे विलायतेस गेले. जमखंडी संस्थानात १८७३ मध्ये मराठा कुटुंबात जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतलेले शिंदे वारकरी वातावरणात वाढलेले होते. प्रवासखर्चासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी साहाय्य केले. दोन वर्षांत त्यांनी तुलनात्मक धर्माचा अभ्यास केला, परंतु ग्रंथांपेक्षाही युनिटेरियन मंडळ्यांचे दैनंदिन जीवन आणि शहरी गरिबांच्या वस्त्यांतील त्यांचे काम त्यांनी डोळसपणे पाहिले व त्याचे वृत्तान्त ‘सुबोधपत्रिके’ला पाठविले. १९०३ च्या सप्टेंबरात ॲम्स्टरडॅम येथे उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारतातील उदार धर्मावर निबंध वाचून ते परतले आणि मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. टपाल-मिशन, तरुणांचा संघ, होळीच्या सणाला सभ्य वळण लावण्याची खटपट हे त्यांचे आरंभीचे उपक्रम पाहिले की ऑक्सफर्डचे धडे गिरगावात उतरविण्याची त्यांची घाई लक्षात येते.

खरी कसोटी पुढे होती. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ येथे निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली. अध्यक्षपद नारायण गणेश चंदावरकर यांनी घेतले, शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी द्रव्यसाहाय्य दिले. इंग्रजीत ही संस्था ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ म्हणून प्रसिद्ध झाली. टकरमनच्या धर्तीवरील घरोघरची भेट येथे चाळींत आणि महारवाड्यांत सुरू झाली, परंतु अंतर रस्त्याचे नव्हते, विटाळाचे होते, आणि म्हणून पाहुण्यासारखे जाऊन परतणारा कार्यकर्ता पुरेसा नव्हता. शिंदे सहकुटुंब या कामात उतरले. भगिनी जनाबाईंनी मुलींचे शिक्षण आणि वसतिगृहातील मुलांचे संगोपन सांभाळले, पत्नी रुक्मिणीबाई आणि वृद्ध मातापिता त्याच घरात होते. अशा संस्थांच्या अहवालांत अध्यक्ष, चिटणीस, देणगीदार यांच्या नावांना जागा मिळते; पहाटे उठून मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या बायकांच्या श्रमांना ‘स्वयंसेवा’ म्हणण्याची रीत तेव्हा नव्हती, आणि आताही ती पुरती रुळलेली नाही. पुणे शाखेच्या अध्यक्षस्थानी कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन होते. १९१२ मध्ये शिंदे पुण्यास आले, त्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालयात डॉ. भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारण परिषद भरली, आणि पुढे होळकर संस्थानाच्या देणगीतून अहिल्याश्रम उभा राहिला.

मिशनच्या यशातच त्याची मर्यादा होती. सेवा करणारा आणि सेवा घेणारा या दोन बाजू येथे ठरलेल्या होत्या, आणि देणाऱ्याच्या मनात नकळत प्रतिनिधित्वाचा हक्क उगवत होता. अस्पृश्यांचे विधिमंडळातील प्रतिनिधी विधिमंडळाच्या सभासदांनी निवडावेत अशी सूचना मिशनकडून पुढे आली, तेव्हा १९२० च्या मे अखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला कडाडून विरोध केला आणि परिषदेने तिचा निषेध केला. शिंदे यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, महाराष्ट्रात त्यांच्याइतके झिजलेले सवर्ण कार्यकर्ते हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. तरीही नागपूरचा निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागते. बरोबरीची सावड ज्यांच्याशी कधी झाली नाही त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार शाळा काढल्याने मिळत नाही. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाहेर पडले.

युनिटेरियन मंडळीचा जो भाग त्यांना सर्वांत प्रिय होता, म्हणजे कुटुंबे एकत्र येऊन केलेली उपासना आणि तिच्यातून उगवणारे स्नेहाचे नाते, तो महाराष्ट्रात सर्वांत कमी रुजला. पुण्यातील उत्तरायुष्यात त्यांनी कौटुंबिक उपासना मंडळ चालवून पाहिले, स्त्रियांनी आणि मुलांनी पुरुषांच्या शेजारी बसून प्रार्थना करावी असा आग्रह धरला, शेतकरी परिषदांत बोलले, १९३० च्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. पण उपासनागृहातील बैठक शहरी, सुशिक्षित आणि थोडक्यांची राहिली. शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत ज्याला एकत्र बसायचे त्याला हरिनाम सप्ताहाचा मांडव होता, वारी होती, येमाईची यात्रा होती, आणि अभंग ऐकण्यासाठी त्याला गिरगावच्या बाकावर बसण्याची गरज नव्हती. समाजाने वारकऱ्यांचे अभंग घेतले, वारकऱ्यांची पंगत मात्र त्याला भरविता आली नाही.

२ जानेवारी १९४४ रोजी शिंदे यांचे निधन झाले. नाना पेठेतील अहिल्याश्रमात आजही शाळा भरते, आणि दर आषाढीला शिरूर-पारनेरकडच्या दिंड्या ज्या पंढरपुरात पोहोचतात तेथे प्रार्थनासमाजाचा नवरंगे बालकाश्रम चालू आहे.