घोडीपासून गवसणीपर्यंत : वाद्यांसाठी पर्यावरणस्नेही साहित्याची निवड

वाद्य घेताना लाकूड, नाद आणि किंमत यांची बारकाईने चौकशी होते. घोडी, पुडी, तारा, नखी, गवसणी हे जोडसाहित्य मात्र दुकानदार देईल ते घेतले जाते. वाद्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते; हे साहित्य वारंवार बदलावे लागते. त्यामुळे पर्यावरणाचे भान ठेवण्याची संधी वादकाला याच खरेदीत अधिक वेळा मिळते.

घोडी आणि जवारी
सतार व तंबोऱ्याचा नाद घोडीच्या पृष्ठभागावरील जवारीवर अवलंबून असतो. पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत व सांबरशिंग वापरले जाई. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये व आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर १९९१ मध्ये देशात बंदी आली. सांबरही संरक्षित प्राणी आहे. 'शिंग आपोआप गळालेले आहे' ही सबब ग्राहकाने स्वीकारू नये, कारण तयार घोडी पाहून शिकारीचे शिंग वेगळे ओळखता येत नाही. उंटाचे हाड, आबनूस आणि डेलरिनसारखे कृत्रिम साहित्य हे पर्याय उपलब्ध आहेत. डेलरिन हे प्लॅस्टिकच असले तरी झिजते कमी, त्यामुळे जवारी वारंवार काढावी लागत नाही. नादात फरक पडतो, हे खरे. म्हणून घोडी कारागिराकडून बसवून, ऐकूनच घ्यावी.

चामडे आणि वादी
तबल्याची पुडी बकऱ्याच्या चामड्याची असते आणि ती मांसव्यवसायातून मिळते. पुडी फाटली तर खोड टाकून देण्याचे कारण नाही; चांगल्या खोडावर अनेक पुड्या चढतात. पावसाळ्यात दमटपणापासून जपल्यास पुडीचे आयुष्य वाढते. चुंबळीसाठी फोमऐवजी जुने सुती कापड उत्तम. कर्नाटक संगीतातील खंजिरीला पूर्वापार घोरपडीचे कातडे लावले जाते. घोरपड संरक्षित असल्याने बकऱ्याचे किंवा कृत्रिम कातडे लावलेलीच खंजिरी घ्यावी.

नखी आणि तारा
सतारीची नखी पोलादी तारेची असते. सरोदचा जवा पूर्वीपासून नारळाच्या करवंटीचा होतो. पर्यावरणस्नेही साहित्याचे याहून साधे उदाहरण शोधून सापडणार नाही. गिटारसाठी कासवाच्या कवचाची जुनी पट्टी कोणी देऊ केली, तर ती नाकारावी. पोलाद व पितळेच्या तुटलेल्या तारा कचऱ्यात न टाकता भंगारात द्याव्यात.

शिसवी खुंट्या
शिसवीच्या वर्गातील सर्व वृक्षांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइटस' करारान्वये जानेवारी २०१७ पासून नियंत्रण आले. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये, त्यांचे भाग व जोडसाहित्य यांना बहुतांश जातींबाबत सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीवरील कडक निर्बंध मात्र कायम राहिले. खुंट्या घेताना लाकडाचे नाव लिहिलेली पावती मागावी. जुन्या वाद्यावर हस्तिदंताचे काम असल्यास परदेश दौऱ्यापूर्वी परवान्याची चौकशी आवश्यक आहे. अन्यथा वाद्य विमानतळावरच अडकण्याची भीती असते.

गवसणी
घरात ठेवण्यासाठी जाड सुती गवसणी पुरेशी असते. ती धुता येते, शिवता येते. सतत प्रवास करणाऱ्यांना मात्र फायबरची मजबूत पेटी लागतेच. तंबोऱ्याचा भोपळा फुटला, तर कापडी गवसणीने वाचवलेले प्लॅस्टिक काय कामाचे? मिरजेच्या सतारी व तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर वापरतात तो भोपळा शेतात पिकतो. वाद्य जपले तर एवढे नैसर्गिक साहित्य दीर्घकाळ उपयोगी पडते.

खरेदीपूर्वी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत : ही वस्तू कशाची आहे? ती दुरुस्त होते का? पावतीवर साहित्याचे नाव लिहून मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर दुसरे दुकान गाठणे श्रेयस्कर.