टंकनविषयक संशोधन

कळफलक व स्पर्शपडद्यावर माणसे प्रत्यक्षात कसे टंकन करतात, याचा अभ्यास म्हणजे टंकनविषयक संशोधन. फिनलंडमधील आल्टो आणि इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १,६८,००० स्वयंसेवकांच्या १३.६ कोटी कळदाबांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द आढळला. वेगवान टंकक आधीची कळ सुटण्यापूर्वीच पुढची दाबतात, हे यातील सर्वांत लक्षणीय निरीक्षण होय; रीतसर प्रशिक्षण घेतलेले व स्वतःच शिकलेले यांच्या वेगात मात्र फारसा फरक नव्हता. मोबाइलवरील २०१९ च्या अभ्यासात सुमारे ३७,००० जणांची सरासरी ३६ शब्द, तर दोन्ही अंगठे वापरणाऱ्यांची ३८ शब्द भरली. दोन्ही चाचण्यांतील वाक्ये इंग्रजी होती. एका जोडाक्षरासाठी अनेक कळा लागणाऱ्या देवनागरीला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.