चाल कुणाची?

चैत्राच्या तोंडावर नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगावची यात्रा कमिटीची मंडळी येतात, फडमालकासमोर बसून घासाघीस करतात आणि गावच्या जत्रेची सुपारी ठरते. गेल्या वर्षी तिथून जाताना माझ्या मोबाईलवर फ्लॉरेन्स प्राइसची सिंफनी चालू होती. कुठे शिकागो आणि कुठे नारायणगाव, असं वाटेल. मला मात्र दोन्हीकडे एकच प्रश्न दिसत होता.

प्राइस ही कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार. १९३३ मध्ये शिकागोच्या मोठ्या वाद्यवृंदानं तिची सिंफनी वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाबतीत तिथे हे पहिल्यांदाच घडत होतं. तरी पुढे तिला वाद्यवृंदांना पत्रं लिहून आपलं संगीत निदान पाहा, अशी विनवणी करावी लागली. १९५३ मध्ये ती गेली. २००९ मध्ये एका पडक्या घरात तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. कागद होते म्हणून ती परत आली.

त्याआधीची गोष्ट हॅरी बर्लीची. त्याचे आजोबा गुलाम होते. आजोबांकडून ऐकलेली गाणी तो न्यूयॉर्कमध्ये द्वोर्झाकला म्हणून दाखवायचा. अमेरिकेचं संगीत याच गाण्यांवर उभं राहील, असं द्वोर्झाकनं १८९३ मध्ये जाहीर सांगितलं. त्याची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी जगभर गाजली. बर्लीचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

आता आपल्याकडे या. १८८२ मध्ये किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ आलं. त्यात साकी, दिंडीबरोबर लावणीच्या चालीही होत्या. फडावरची चाल नाटकात गेली की घरंदाज माणसं बायकामुलांसह ऐकायला बसत. तीच चाल फडावर ऐकणं मात्र लाजिरवाणं! आमच्या घरीही तमाशाचं नाव काढायची सोय नव्हती. अब्बांना नमाज चुकलेला एक वेळ चालला असता.

म्हणूनच बहुधा सगनभाऊ आमचा, हे मला फार उशिरा कळलं. जेजुरीचा हा पेशवाईतला शाहीर मुसलमान, धंद्यानं शिकलगार. हत्यारांना धार लावणारा माणूस होनाजी, रामजोशांच्या बरोबरीनं मराठी लावणी रचत होता. शाळेत शाहीर शिकवले, पण त्यांच्यातला एक मुसलमान होता हे कुणी सांगितलं नाही. त्याचं नाव टिकलं, कारण शाहीर लावणीच्या शेवटी आपलं नाव गुंफून ठेवत. ती नाममुद्रा खोडता येत नाही.

फडावरच्या चालींना तसं कुंपण नव्हतं. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड गाजला, भाऊंच्या मुलीला, विठाबाईंना, १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. विठाबाईंचं नाव राहिलं. पण त्यांच्यासारख्यांमागे बसून चाल बांधणारे, ढोलकी-तुणतुणं धरणारे, बहुतेक गावकुसाबाहेरचे, त्यांची नावं कुठे आहेत?

त्या दिवशी एका राहुटीबाहेर एक म्हातारे ढोलकीवाले चहा पीत होते. कॉलेजात असताना चोरून ऐकलेल्या एका लावणीची चाल मी गुणगुणून दाखवली आणि विचारलं, “बाबा, ही कुणी बांधली?”

“आमच्या चुलत्यानं,” ते म्हणाले. “का? काही घोटाळा झाला का?”

मी नाही म्हटलं आणि चुलत्याचं पूर्ण नाव विचारून वहीत लिहून घेतलं.