प्रोस्टेट कर्करोग आणि नैराश्य

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेल्या पुरुषांत आढळणारा, उपचारांनी आटोक्यात येणारा मनोविकार. कर्करोगाचे निदान ऐकून दुःख होणे स्वाभाविक आहे. मात्र मन दोन आठवडे वा अधिक काळ सतत खिन्न राहिले किंवा कशातच रस उरला नाही आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर नैराश्याची तपासणी आवश्यक ठरते.

प्रमाण : २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७ अभ्यासांतील ४,४९४ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात नैराश्याचे प्रमाण उपचारांपूर्वी सुमारे १७, उपचार चालू असताना १५ आणि त्यानंतर १८ टक्के आढळले. उपचार संपले म्हणजे मनही सावरले, असे समजणे त्यामुळे धोक्याचे आहे.

कारणे : शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतर काहींचा लघवीवरचा ताबा सुटतो, लैंगिक क्षमता कमी होते. त्याची लाज वाटून पुरुष प्रवास, समारंभ आणि पत्नीशी जवळीकही टाळू लागतो. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसतो, हे शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यातूनच रुजलेल्या संप्रेरकरोधक उपचारांत टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची पातळी खूप खाली आणली जाते. त्याने रोगाला आळा बसतो. पण अंगातून गरम वाफा निघणे, थकवा, स्नायू घटणे, कामेच्छा मावळणे असे त्रास होतात आणि नैराश्याचा धोकाही वाढतो. कर्करोगावर लक्ष ठेवणाऱ्या ‘पीएसए’ या रक्ततपासणीची तारीख जवळ आली की अनेकांची चिंता बळावते.

निदान : थकवा, निद्रानाश, भूक मंदावणे ही लक्षणे दोन्ही आजारांत दिसत असल्याने नैराश्य कर्करोगाच्या खात्यावर मांडले जाते. पुरुषांत ते चिडचिड, अबोला किंवा वाढते मद्यपान या रूपांतही दिसते. रुग्ण आपणहून बोलत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारणे हाच निदानाचा पाया होय. ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची चाचणी यासाठी वापरतात. तिचे गुण ० ते २७ असतात. १० वा अधिक गुण मिळाल्यास सविस्तर तपासणी करावी. नववा प्रश्न मरणाच्या व स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असल्यास एकूण गुण कमी असले तरी तत्काळ लक्ष द्यावे.

उपचार : समुपदेशन, विचार-वर्तन उपचार, नियमित व्यायाम आणि नैराश्यरोधक औषधे उपयोगी पडतात. यांपैकी व्हेनलाफॅक्सिन या औषधाने गरम वाफांचा त्रासही कमी होऊ शकतो. एन्झाल्युटामाइड हे संप्रेरकरोधक औषध घेणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन हे नैराश्यरोधक देताना आकडीचा धोका लक्षात घ्यावा लागतो. म्हणून कर्करोगतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून औषध ठरवावे. मन खचले म्हणून संप्रेरकरोधक उपचार परस्पर थांबवू नयेत. पत्नीला व कुटुंबाला समुपदेशनात सामील करून घेणे हिताचे असते. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आत्महत्येचा धोका अधिक असतो. या काळात रुग्णाला एकटे पडू देऊ नये. भारतात ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत मिळते.