‘इन्तोक्सिकादो’ आणि केसपेपरात न उरलेले शब्द

अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांत आता ‘मेडिकल स्पॅनिश’ शिकवतात. ‘दोन्दे ले दुएले?’ म्हणजे ‘कुठे दुखतंय?’, इथून सुरुवात. या विषयाच्या इतिहासात शिरलात की विली रामिरेझची गोष्ट तुम्हाला लगेच भेटेल. ती इतक्यांदा सांगितली जाते की नीट वाचायचीच राहून जाते.

जानेवारी 1980, दक्षिण फ्लोरिडा. 18 वर्षांच्या विलीला बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं. घरचे क्यूबन. खाण्यातून काहीतरी बाधलं असणार असं वाटून ते ‘इन्तोक्सिकादो’ म्हणाले. क्यूबन बोलीत खाण्यापिण्यातून काहीही बाधलं तरी हाच शब्द वापरतात. डॉक्टरांना त्यात इंग्रजी ‘इंटॉक्सिकेटेड’ ऐकू आलं. धडधाकट तरुण पोरगा बेशुद्ध पडलाय, म्हणजे ड्रग्जचा ओव्हरडोस, असं धरून उपचार झाले. खरं तर मेंदूत रक्तस्राव होत होता. तो लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला आणि विलीचे हातपाय कायमचे लुळे पडले. नुकसानभरपाईची तडजोड सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरवर झाली.

मग दुभाषी का नाही बोलावला? कारण डॉक्टरांना थोडंफार स्पॅनिश येत होतं, घरच्यांना थोडंफार इंग्रजी, आणि आपलं समोरच्याला कळतंय असं दोन्हीकडे वाटत होतं. काहीच कळत नसतं तर कुणीतरी दुभाषी शोधलाच असता. ओळखीचा वाटणारा शब्द म्हणूनच जास्त घातक. ‘एम्बारासादा’ ऐकून बाई लाजलीय असं समजाल, पण ती गरोदर असते. स्पेनमध्ये कुणी ‘कोन्स्तिपादो’ म्हणालं तर त्याला सर्दी झालेली असते. पोटाचा काही संबंध नाही.

आता साधनांकडे बघा. केसपेपरात डॉक्टरांचं निदान येतं, तेही इंग्रजीत. घरच्यांनी काय शब्द वापरला हे तिथे सहसा उरत नाही. (आपल्याकडे ‘ठणकतंय’, ‘ठसठसतंय’, ‘कळ मारतेय’ या सगळ्यांचं कागदावर एकच ‘पेन’ होतं, तसंच.) ‘इन्तोक्सिकादो’ आपल्यापर्यंत पोचला तो प्रकरण कोर्टात गेलं म्हणून. जी कोर्टात गेली नाहीत, त्यांतले शब्द केव्हाच गेले.

पण याच्या उलट्या टोकालाही एक खड्डा आहे, आणि माझ्या मते तो जास्त खोल आहे. प्रत्येक गोष्टीचं खापर ‘भाषेच्या अडचणी’वर फोडण्याचा. त्यासाठी ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’ हा खटला वाचाच.

लॉस एंजेलिस काउंटी-यूएससी मेडिकल सेंटरमध्ये बाळंतपणासाठी आलेल्या मेक्सिकन वंशाच्या बायकांची नसबंदी होत होती. ऐन कळांमध्ये त्यांच्यापुढे संमतीपत्र धरलं जायचं, तेही इंग्रजीत. काहींना आपल्यावर काय शस्त्रक्रिया झाली हे खूप नंतर कळलं. तिथल्याच बर्नार्ड रोझेनफेल्ड या तरुण डॉक्टरने नोंदी जमवून बाहेर पोचवल्या. 1975 मध्ये दहा जणींनी दावा लावला.

1978 मध्ये न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला संवाद तुटल्याचा परिणाम आहे. म्हणजे बघा, बायका ज्या इंग्रजी कागदाबद्दल तक्रार करत होत्या, त्यातूनच डॉक्टरांची सुटका झाली. कळा सोसणाऱ्या बाईला कागद कोण देतं, नाही म्हणायची सोय तिला असते का, हे प्रश्न ‘संवाद’ या एका शब्दाखाली गडप झाले. त्या डॉक्टरांना अस्खलित स्पॅनिश येत असतं तरी ऐन कळांमध्ये सही घेणं थांबलं असतं का?

याच खटल्यात कार्लोस वेलेझ-इबान्येझ या मानववंशशास्त्रज्ञाने बायकांच्या बाजूने साक्ष दिली होती. मूल होण्याची क्षमता जाणं या बायकांसाठी किती मोठा आघात आहे, हे त्यांनी अभ्यास करून मांडलं. न्यायाधीशांनी ते उलटवलं: एवढं दुःख त्यांच्या संस्कृतीमुळे झालं, आणि ते डॉक्टरांना आधी कसं कळणार? संस्कृतीवर संशोधन करायला निघालेल्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा.

दावा हरला, तरी नियम हलले. 1978 च्या केंद्रीय नियमांनी सरकारी पैशातून होणाऱ्या नसबंदीसाठी 30 दिवसांची मुदत घातली आणि फॉर्मची भाषा न कळणाऱ्यांसाठी दुभाषी बंधनकारक केला. पुढे 2000 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी सेवांमधल्या भाषेच्या सोयीसाठी आदेश काढला. तो 2025 मध्ये रद्द झाला.

आणि ज्यांना रुग्णाचे मूळ शब्द हवे आहेत, त्यांनी ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांचा 2003 चा अभ्यास काढावा. त्यांनी बालरुग्णांच्या 13 भेटी टेपवर घेतल्या आणि भाषांतरातल्या 396 चुका मोजल्या, म्हणजे भेटीमागे सरासरी 31. हॉस्पिटलच्या दुभाष्यांच्याही चुका त्यात आहेत. एका भेटीत दुभाष्याचं काम रुग्णाच्या 11 वर्षांच्या भावंडाने केलं होतं.